डोहातला नाखवा

फार फार पूर्वी, समुद्र आत्ताइतकाच खारट आणि माणसं आत्ताइतकीच हट्टी होती तेव्हा, एका खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. त्या गावात एक नाखवा राहायचा. नाखवा म्हणजे होड्यांचा मालक. त्याच्याकडे पुष्कळ होड्या होत्या, नारळाची बाग होती, आणि आवाज तर असा होता की त्यानं किनाऱ्यावरून हाक मारली की भर समुद्रात वल्हवणारे दचकून वल्हं सोडायचे.

नाखव्याच्या घरामागं खडकात एक डोह होता. त्याच्या वडिलांनी तो कोरून काढला होता. भरती आली की खडकाच्या फटीतून समुद्राचं ताजं पाणी आत यायचं, ओहोटीला थोडं बाहेर जायचं. फटीत लाकडी गज ठोकले होते, म्हणून पाणी ये-जा करी आणि मासे आतच राहत.

मासे म्हणजे, म्हणायला मासे. खरं तर त्या डोहात एकच मासा होता. हेकरू.

हेकरू हा मोठा शिकारी मासा. अंगावर ठिपके, ओठ जाड, आणि तोंड एवढं मोठं की उरलेला मासा त्या तोंडाला मागून चिकटवल्यासारखा वाटावा. तो दिवसभर आपल्या कपारीत बसून असायचा. समोरून काही गेलं की जबडा उघडायचा, पाण्यासकट ते आत ओढायचा आणि जबडा मिटायचा. भांडण नाही, झटापट नाही. समोर कोणीतरी होतं आणि आता नाही, एवढंच.

गावातले लोक हसून म्हणायचे, "एक नाखवा घरात, दुसरा डोहात."

आता हे जरा लागट बोलणं झालं. नाखवा काही वाईट माणूस नव्हता. त्याच्या दारातून कोणी उपाशी गेलं नव्हतं. वादळात कोणाची होडी फुटली तर आपली होडी काढून देणारा तो माणूस. पण त्याच्यासमोर कोणी तोंड उघडलं की ते बोलणं तो गिळून टाकायचा. सून म्हणायची, "बाबा, यंदा नारळीभातात जरा वेलची—" की हा म्हणायचा, "लवंग घाल. आमच्याकडे लवंगच घालतात." जाळं विणताना ती गुणगुणायला लागली की हा ओसरीवरून सांगायचा, "सूर चढा लागलाय." मुलगा म्हणायचा, "बाबा, मला वाटतं—" आणि मुलाला काय वाटतं ते बाबाच सांगून मोकळे व्हायचे. त्या घरात पुरं झालेलं वाक्य फक्त नाखव्याचं असायचं. बाकीच्यांची अर्धी अर्धी वाक्यं केरासारखी कोपऱ्यात साठली होती.

नाखव्याला वाटायचं, घर किती शांत आहे!

मग एका वर्षी मुलानं स्वतःच्या हातानं एक छोटी होडी बांधली. फळ्या त्यानं तासल्या, खिळे त्यानं ठोकले, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी, जेव्हा सगळा किनारा होड्या रंगवायला बसतो, तेव्हा त्यानं ती हळदीसारखी पिवळी रंगवली. नाखव्याच्या सगळ्या होड्या निळ्या. आजोबांपासून निळ्या.

पौर्णिमेच्या दिवशी मुलगा हातात नारळ घेऊन किनाऱ्यावर आला आणि थबकला. त्याची होडी निळी झाली होती. नाखव्यानं भल्या पहाटे माणसं लावून ती रंगवून घेतली होती. तेही मायेनं, बरं का! चांगल्यातलं तेल घालून, दोन हात देऊन.

"बाबा, ती होडी—"

"निळीच शोभते. बघतोस काय? जा, नारळ सोड समुद्राला."

मुलानं हातातला नारळ बापाच्या हातात ठेवला आणि परत फिरला. त्याच दिवशी ऊन उतरल्यावर तो आणि सून त्या होडीत बसून खाडीपलीकडच्या गावाला निघून गेले. नाखवा ओसरीवर बसून होता. त्याला वाटलं, राग उतरला की येतील.

ते आले नाहीत.

खाडी काही फार रुंद नव्हती. नाखव्याच्या ओसरीवरून पलीकडचं त्यांचं खोपटं दिसायचं. माणसं ओळखू येत नसत, पण संध्याकाळी चूल पेटली की छपरातून धूर वर यायचा. नाखवा त्या धुराकडे बघत बसायचा. धूर लवकर निघाला की म्हणायचा, "आज पोरगा लवकर आला वाटतं." उशिरा निघाला की याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. जगात इतक्या गोष्टी बघण्यासारख्या आहेत, आणि एवढा मोठा नाखवा, पण त्याला रोज फक्त तो धूर बघायचा असायचा.

वर्ष गेलं. पलीकडे मुलगी झाली. नाखव्याला बारशाचं बोलावणं आलं. बोलावणं घेऊन आलेल्या माणसाला त्यानं गूळपाणी दिलं, आणि निरोप दिला, "म्हणावं, बारसं माझ्या घरात करा. पाळणा मी करवून घेतलाय. नाव माझ्या आईचं ठेवा, सुंदरा. मग बघा मी कसा गाव जेवायला घालतो!"

निरोप गेला. बारशाच्या दिवशी पलीकडच्या छपरातून धूर दाट निघाला, कारण पाहुण्यांचा स्वयंपाक होता. नाखव्याच्या घरात नवाकोरा पाळणा रिकामा टांगलेला होता. वारा आला की तो आपला आपणच हलायचा. नाखव्याचा जीव तिळतिळ तुटला, पण निरोप मागं घ्यायचा असतो हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

नातीचं नाव काय ठेवलं, तेही त्याला कळलं नाही. विचारायची लाज वाटली. तो आपला मनातल्या मनात तिला सुंदरा म्हणायचा. सुंदरा आता पालथी पडली असेल. सुंदरा आता रांगत असेल. सुंदरा आता भिंतीला धरून उभी राहत असेल.

हे तो कोणाला सांगणार? नाखव्यानं रडायचं नसतं. म्हणून तो डोहाच्या काठी जाऊन बसू लागला आणि माशाबद्दल बोलू लागला.

"बिचारा एकटा आहे," तो गड्यांना म्हणाला. "बघा कसा बसलाय. त्याला सोबत पाहिजे."

गडी म्हणाले, "नाखवा, तो खातो, पितो, झोपतो. त्याला काय धाड भरलीय?"

"तुम्हाला काय कळतंय!" नाखवा म्हणाला, आणि गड्यांचं बोलणं तिथंच संपलं.

नाखव्यानं पहिल्यांदा बोय आणले. बोय म्हणजे चपळ, चंदेरी, गरीब स्वभावाचे मासे. टोपलीभर सोडले. डोह कसा नुसता चमचमायला लागला! नाखव्याला इतका आनंद झाला की त्यानं त्या संध्याकाळी धुराकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डोहात हेकरू होता. त्याचं पोट तेवढं जरा मोठं दिसत होतं.

नाखव्यानं कपाळाला हात लावला. "अरे, मी तुला सोबत दिली होती!"

हेकरूनं डोळे फिरवले. त्याला जेवण मिळालं होतं, असं त्याचं म्हणणं असावं.

मग नाखव्यानं विचार केला, दुबळे नकोत, तोडीस तोड हवा. त्यानं एक तांब आणला, लालभडक, जबड्यानं हेकरूपेक्षा तसूभरही कमी नाही. तो हेकरूच्या पोटात मावणार नव्हता, हे खरं. पण दोघांनाही एकच कपार हवी होती. पाणी गढूळ झालं, खवले तरंगायला लागले, हेकरूची शेपटी फाटली, तांबाचा एक डोळा सुजला. गड्यांनी जाळं टाकून तांबाला ओढून बाहेर काढलं आणि परत समुद्रात सोडलं. तो असा सुसाट गेला की त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

शेवटी कोणीतरी सुचवलं, केंड सोडा, त्याला कोणी खात नाही. केंड हा गोल, काटेरी मासा. घाबरला की पाणी पिऊन टम्म फुगतो. हेकरूनं त्याला सवयीप्रमाणे आत ओढलं. केंड तोंडातच फुगला. आता हेकरूला तो गिळताही येईना आणि थुंकताही येईना. कसाबसा एकदाचा बाहेर पडला. त्यानंतर हेकरूचा जबडा दुखायचा आणि केंड पाण्यावर ढगाची सावली पडली तरी फुगून बसायचा. दोघं जिवंत होते. पण याला कोणी सोबत म्हणेल का?

नाखवा काठावर बसून त्या दोघांकडे बघत होता, तेवढ्यात मागून आवाज आला, "हे काय मांडलंयस रे धाकल्या?"

सगळ्या पंचक्रोशीत नाखव्याला धाकल्या म्हणणारं एकच माणूस होतं. त्याची थोरली बहीण. नाखवा तिला बाय म्हणायचा. नारळी पौर्णिमेला ती दरवर्षी माहेरी यायची. यंदा आठ दिवस आधीच आली होती. तिचं बोलणं मात्र नाखव्याला गिळता यायचं नाही. लहानपणी तिनं त्याला काखेत धरून पोहायला शिकवलं होतं, त्यामुळं असेल.

नाखव्यानं तिला सगळं सांगितलं. बोय सांगितले, तांब सांगितला, केंड तर समोरच फुगून बसला होता. बाय इतकी हसली की तिला खडकावर बसावं लागलं.

"बाबा काय म्हणायचे, विसरलास? तोंडात मावतो तो घास, सोबती नव्हे. डोहात काय सोडायचं ते ठरवायच्या आधी ते हेकरूच्या जबड्याला वीत लावून बघायचे."

"मग तांब? तो मावत नव्हता की."

"तो दुसरा हेकरूच. एका कपारीला दोन मालक कसे चालतील? अरे, रुंद मासा बघावा, शांत, आपल्या नादात फिरणारा, कपारीची हाव नसलेला. आणि जोडीला दातकोरणी."

दातकोरणी ही लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एवढीशी कोळंबी. खडकांच्या फटीत राहते आणि मोठ्या माशांच्या तोंडात शिरून त्यांचे दात साफ करते, म्हणून तिला त्या किनाऱ्यावर दातकोरणी म्हणत.

नाखवा म्हणाला, "बाय, वेड लागलं का तुला? बोटाएवढी कोळंबी! तो तिला दाताला लागू देणार नाही."

"ते कसं सोडतोस त्यावर आहे. बाबा दर पौर्णिमेच्या आधी काय करायचे?"

नाखव्याला आठवलं. दरवर्षी याच दिवसांत बाबा हेकरूला जाळ्यात घेऊन डोहाबाहेर काढायचे, वेताच्या मोठ्या टोपल्यात घालून खाडीत खुंटाला बांधून ठेवायचे. मग डोहातले दगड हलवायचे. नवे मासे आधी सोडायचे. ते रुळले की सगळ्यात शेवटी हेकरूला आणायचे. बाबा गेल्यावर नाखव्यानं ती पद्धत मोडली होती. डोह हेकरूचा, मग त्यालाच बाहेर का काढायचं, असं त्याला वाटलं होतं. मालकालाच घराबाहेर काढायचं म्हणजे काय!

"तिथंच चुकलास," बाय म्हणाली. "मालक घरात बसलेला असताना जो आत येतो, तो त्याच्या तोंडासमोर येतो."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला गड्यांनी हेकरूला जाळ्यात धरलं. बिचारा फार तडफडला. टोपल्यात घालून त्याला खाडीत बांधलं, आणि बायच्या सांगण्यावरून पोटभर खायला घातलं. केंडाला समुद्रात सोडलं, तेव्हा तो पहिल्यांदा सपाट झाला. मग दगड हलवायला घेतले.

"ती कपार राहू दे," नाखवा मध्येच म्हणाला. "ती त्याची आहे. वर्षानुवर्षं तो तिथं बसतोय."

"तीच आधी हलव," बाय म्हणाली.

कपारीचा मोठा दगड पहारीनं ढकलला तेव्हा नाखव्यालाच काहीतरी हलल्यासारखं झालं. का ते त्याला सांगता आलं नाही. मग ताटासारखे रुंद, शांत मासे डोहात सोडले. दगडाच्या फटीत एक दातकोरणी सोडली. ते सगळे आधी बावरले, मग हिंडायला लागले, आणि भरतीचं पाणी आत-बाहेर करता करता डोह त्यांच्या ओळखीचा झाला.

मग हेकरूला आणलं. टोपलं पाण्यात तिरकं केलं आणि तो बाहेर आला.

एवढा मोठा हेकरू, पण नव्या सुनेसारखा दाराशीच थांबला. कपार होती तिथं कपार नव्हती. कोणता दगड कोणाचा ते कळत नव्हतं. एक रुंद मासा त्याच्या नाकासमोरून गेला. हेकरूनं अंग चोरलं आणि त्याला वाट दिली. काठावर नाखवा, बाय आणि गडी श्वास रोखून बघत होते. हेकरू हळूहळू फिरला, त्यानं एक एक दगड बघितला, आणि कोणीच बसलेलं नव्हतं अशा एका कोपऱ्यात जाऊन टेकला.

तेवढ्यात दातकोरणी फटीतून निघाली. मिशा हलवत, पावलं टाकत, थेट हेकरूच्या तोंडाशी आली.

"गेली," एक गडी म्हणाला.

हेकरूनं जबडा उघडला. दातकोरणी आत शिरली. एका दातावरून दुसऱ्या दातावर गेली, केंडानं दुखावलेल्या जागेशी थांबली, टोकरू लागली. हेकरूचा जबडा उघडाच होता. त्याला तो कधीही मिटता आला असता. एवढंसं जबडा मिटणं, आणि संपलं. पण तो तसाच थांबला. कल्ले तेवढे हळूहळू हलत होते. त्याला बरं वाटत असावं. दातकोरणी आपलं काम उरकून बाहेर आली आणि आरामात आपल्या फटीत गेली.

नाखव्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. गड्यांनी शहाणपणानं दुसरीकडे बघितलं.

"मिटला नाही," नाखवा म्हणाला. "बाय, बघितलंस? मिटला नाही त्यानं."

खाडीपलीकडे धूर निघायला लागला होता. नाखव्यानं बराच वेळ धुराकडे बघितलं, मग डोहाकडे बघितलं, मग पुन्हा धुराकडे. त्याला बहिणीला सांगायचं होतं की तू जा आणि त्यांना म्हणावं परत या, घर तुमचंच आहे. हेच तो दोन वर्षं जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर सांगत आला होता. आता ते वाक्य ओठांवर आलं आणि त्याला त्यात बोय चमचमताना दिसले.

तो म्हणाला, "बाय, मला बाहेर काढ."

बहिणीला लगेच कळलं. ती उठली, तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "पण खात्री नाही हं धाकल्या. ती माणसं आहेत."

"नसू दे."

त्यानं घराची किल्ली तिच्या हातात दिली आणि आपली वळकटी काखेत मारून किनाऱ्यावरच्या जाळी ठेवायच्या खोपीत राहायला गेला. गावात एकच चर्चा झाली. कोणी म्हणालं नाखव्याला वेड लागलं, कोणी म्हणालं बहिणीनं घर बळकावलं. नाखव्यानं सगळं ऐकलं आणि कोणालाही उत्तर दिलं नाही. या गोष्टीचं तर गावाला फारच नवल वाटलं.

बाय खाडीपलीकडे गेली. तिनं तिथं निरोप दिला तो असा: "नाखवा घरात नाही. घर मोकळं आहे. पौर्णिमेचा सण तुमच्या हातानं, तुम्हाला आवडेल तसा मांडा. तुम्ही बोलावलंत तर तो येईल. नाही बोलावलंत तर येणार नाही."

पौर्णिमेच्या सकाळी नाखवा खोपीच्या दारात बसला होता. खाडी होड्यांनी भरली होती. सगळीकडे पताका, नारळ, गुलाल. त्या गर्दीत त्याला एक पिवळी होडी दिसली. हळदीसारखी पिवळी. निळ्या रंगाचा ठिपकासुद्धा तिच्यावर राहिला नव्हता. ती त्याच्या घराच्या धक्क्याला लागली. नाखवा उठून उभा राहिला, दोन पावलं पुढं गेला, आणि परत येऊन बसला. पाय बांधून घ्यावे असं त्याला वाटत होतं.

मग घरातून आवाज यायला लागले. काहीतरी सरकवत होते. काहीतरी जड ओढत होते. ही माझी बाज असणार, त्याला वाटलं. हा रांजण. त्याला उठून सांगावंसं वाटत होतं की रांजण हलवू नका, तळाला चीर आहे. त्यानं जाळ्याचा दोर मुठीत घट्ट धरला. मग सून गायला लागली. चढ्या सुरातलं गाणं होतं. दर खेपेला तो जिथं तिला थांबवायचा, तिथून ते पुढं गेलं. पुढं ते खाली उतरत होतं आणि फार गोड होत होतं. इतकी वर्षं ती याच्या घरात राहिली, पण ते गाणं पुढं असं जातं हे त्याला माहीतच नव्हतं. नाखवा दोर धरून ढसाढसा रडला.

दुपार झाली. नारळीभाताचा वास आला. कोणी हाक मारली नाही.

ऊन कलायला लागलं. नाखव्यानं स्वतःलाच समजावलं की ठीक आहे, गाणं तर पुरं ऐकायला मिळालं. त्यानं वळकटी सोडली आणि पसरायला घेतली. तेव्हा वाळूत पावलं वाजली. मुलगा दारात उभा होता. थोडा वाळलेला, थोडा काळवंडलेला, आणि बापासारखाच दिसायला लागलेला.

"बाबा," तो म्हणाला, आणि थांबला. सवयीनं थांबला. मधल्या जागेत बापाचं वाक्य येतं हे त्याला माहीत होतं. ते आलं नाही. मग मुलालाच पुढं बोलावं लागलं. "जेवायला चला."

नाखव्यानं तोंड धुतलं, धुतलेला सदरा घातला, आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून एक नारळ घेतला. आपल्याच घराच्या उंबऱ्यापाशी तो थांबला.

"आत येऊ का?" त्यानं विचारलं.

सून पुढं आली. तिनं पाय धुवायला पाणी दिलं, हातावर गुळाचा खडा ठेवला, जसा पाहुण्याला देतात तसा. नाखवा आत आला. बाज खिडकीशी गेली होती. रांजण मागच्या दारी गेला होता. त्याची रोजची जागा होती तिथं पाळणा टांगला होता. नाखव्याला कुठं बसावं ते कळेना, तेव्हा "इथं बसा बाबा," म्हणून सुनेनं दाखवलं तिथं तो बसला. भातात वेलची होती. लवंग एकसुद्धा नव्हती. त्यानं दोनदा मागून घेतला.

मुलगा जाळ्याबद्दल बोलत होता. मोठ्या भोकांचं जाळं विणलं तर पिल्लं सुटून जातात आणि पुढच्या वर्षी मासळी वाढते, असं त्याचं म्हणणं होतं. नाखव्याला त्यातलं निम्मं पटलं आणि निम्मं पटलं नाही. तो "मग?" म्हणाला. मुलगा चकित होऊन बघत राहिला, आणि मग सांगत सुटला.

आणि मग आतून ती आली. भिंतीला धरून नाही, चांगली चालत आली. केसांचा शेंडीसारखा बुचडा, हातात भाताचं शीत. सरळ नाखव्याच्या समोर उभी राहिली आणि त्याच्या मिशांकडे बघायला लागली.

महत्प्रयासानं नाखव्यानं विचारलं, "हिचं नाव काय ठेवलंत?"

"पोवळी," सून म्हणाली.

मुलानं मान खाली घातली. बायनं पदर हातात घट्ट धरला. नाखव्याच्या मनात तिच्या जन्मापासून जपलेलं दुसरं नाव होतं, त्याच्या आईचं नाव, रोज धुराकडे बघून घेतलेलं. ते नाव वर आलं. जिभेवर आलं. त्यानं तोंड उघडलं.

"आ," पोवळी खूश होऊन म्हणाली. तिला भरवताना आई असंच म्हणायची. तिनं हातातलं शीत आजोबाच्या तोंडात घातलं आणि शितामागोमाग बोटही घातलं. तोंडात दात आहेत हे तिला कळलं. मग ती एक एक दात चाचपू लागली.

नाखव्याचा जबडा उघडाच राहिला. तो हलला नाही, बोलला नाही, त्यानं आवंढासुद्धा गिळला नाही. डोळ्यांतून तेवढं पाणी मिशांवर येत होतं. पोवळीनं सगळे दात पाहिले, पडलेल्या दाताच्या जागेशी जरा जास्त वेळ थांबली, आणि मग समाधानानं बोट बाहेर काढून झबल्याला पुसलं.

नाखव्यानं तोंड मिटलं. तोंडातलं ते नाव आता तिथं नव्हतं.

"पोवळी," तो म्हणाला. "पोवळे, अजून एक शीत दे की गं."

संध्याकाळी पिवळी होडी निघाली. ती माणसं राहायला आली नव्हती, सणाला आली होती. धक्क्यावर उभं राहून नाखव्याला एकच शब्द म्हणायचा होता, राहा. तो त्यानं म्हटला नाही. त्याऐवजी त्यानं होडीला धक्का दिला. होडी पाण्यात सरकली तेव्हा सून म्हणाली, "बाबा, पुढच्या सोमवारी तुम्ही या. आमच्याकडे."

थोड्या वेळानं पलीकडच्या छपरातून धूर निघाला. नाखवा तो बघत ओसरीवर बसला. बाज त्यानं खिडकीशीच राहू दिली होती. पूर्वीसारखंच त्याचं मन तिकडे ओढ घेत होतं, कदाचित जास्तच, कारण आता त्याला नाव माहीत होतं. पण त्या सोमवारी आणि पुढच्या कितीतरी सोमवारी तो एक नारळ घेऊन खाडीपलीकडे गेला, आणि प्रत्येक वेळी दारात थांबून म्हणाला, "आत येऊ का?"

त्या किनाऱ्यावरची म्हातारी माणसं ही गोष्ट सांगून झाली की मुलांना एकदा तोंडाचा आ करायला लावतात, आणि मग तात्पर्य सांगतात: सोबती निवडण्याआधी आपल्या जबड्याला वीत लावून बघावी, आणि ज्यांच्यावाचून करमत नाही त्यांच्याकडे, घर आपलं असलं तरी, पाहुणा होऊन जावं.